सावित्रीच्या आधी आणि नंतर : कोकण महामार्गावरच्या जुन्या पुलांची गोष्ट

मालवणहून निघालेली एसटी कसालला महामार्गाला लागते आणि तिथून मुंबईपर्यंत नद्या ओलांडत जाते. कणकवलीच्या अलीकडे गड, पलीकडे जानवली, खारेपाटणची शुक, राजापूरची अर्जुना, वाकेडची मुचकुंदी, आंजणारीची काजळी, मग बावनदी, संगमेश्वरच्या सोनवी आणि शास्त्री, चिपळूणची वाशिष्ठी, खेडची जगबुडी आणि कशेडी घाट उतरून पोलादपूर मागे टाकले की महाडची सावित्री. या नद्यांची लांबी फार नाही. सह्याद्रीच्या कड्यावरून सुटतात आणि थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात. म्हणूनच घाटमाथ्यावर रात्री पाऊस कोसळला की सकाळी खालच्या गावात पाणी शिरलेले असते. अशा मुलखात रस्ता तयार करणे एक वेळ सोपे, तो बारा महिने चालू ठेवणे कठीण. ती सगळी भिस्त पुलांवर.

पूल नव्हते तेव्हा कोकणी माणसाचा हमरस्ता समुद्र होता. विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही बोटीची बंदरे. पण पावसाळा लागला की बोटी बंद, आणि नद्या तरीवरून ओलांडायच्या तर पुराच्या दिवसांत तरही चालत नसे. चार महिने मुंबईचा मुलगा मुंबईत आणि आईबाप गावात, मधे फक्त टपाल. महामार्गावरच्या दगडी पुलांनी ही कोंडी फोडली. त्या पुलांविषयी कोकणात जी आपुलकी आहे, ती इथून येते.

महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८ चा. दगडी कमानींचा, त्या काळाच्या मानाने भक्कम. योगायोग असा की हिंदुस्थानातल्या रस्त्यांना पैसा कुठून आणायचा, या प्रश्नाचे पहिले नीट उत्तरही त्याच वर्षी कागदावर आले, आणि ते देणारा माणूस मुंबईचा मराठी बॅरिस्टर होता. मुकुंदराव जयकर. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. १९२७ मध्ये सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली. मोटारी वाढत होत्या, बैलगाडीसाठी केलेले रस्ते त्यांच्या चाकांखाली उखडत होते आणि जिल्हा बोर्डांकडे दुरुस्तीला पैसा नव्हता. समितीने १९२८ च्या अहवालात सांगितले की, रस्त्यांचे महत्त्व आता स्थानिक उरलेले नाही, त्यांचा सगळा भार स्थानिक संस्थांवर टाकता येणार नाही. पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो रस्त्यांसाठीच राखून ठेवा. त्याप्रमाणे मार्च १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे जादा घेतले जाऊ लागले आणि केंद्रीय रस्ते निधी जन्माला आला. आज आपण पेट्रोल भरताना जो रस्त्यांचा उपकर देतो, त्याचे मूळ जयकरांच्या त्या अहवालात आहे. संसदेने २००० मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदा केला. २०१८ मध्ये त्याच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि रस्त्यांच्या पैशाला आणखी वाटेकरी झाले.

जयकरांनी रस्त्यासाठी पैशाचा झरा शोधून दिला. पण तो झरा नव्या कामांकडे जास्त वाहिला. नवा रस्ता दिसतो, त्याचे भूमिपूजन होते, उद्घाटन होते. पुलाच्या पायापाशी दर वर्षी पाणबुड्या उतरवून तपासणी करायची, तर त्याचा नारळ कोण फोडणार? १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी प्रतवारी केली. १९५६ मध्ये राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. मुंबई-गोवा रस्ता राष्ट्रीय महामार्ग १७ झाला, नंतर त्याचा क्रमांक ६६ झाला. त्यामुळे खर्च दिल्लीचा आणि देखभाल राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या महामार्ग शाखेची, अशी विभागणी झाली. अभियंता रत्नागिरीत बसतो, त्याचा अंदाजपत्रकी प्रस्ताव मुंबईमार्गे दिल्लीला जातो, तिथून शेरे घेऊन परत येतो. या फेऱ्यांत वर्षे जातात आणि तेवढी वर्षे पुलाच्या वयात मिळवली जातात.

वाहतूक मात्र कोणाच्या मंजुरीसाठी थांबली नाही. ज्या पुलांवरून सुरुवातीला छोट्या मोटारी आणि बैलगाड्या जात, त्यांच्यावरून चाळीस-पन्नास टनांचे कंटेनर जाऊ लागले. गणपतीत आणि शिमग्यात चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागू लागली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तरी रस्त्यावरची गर्दी कमी झाली नाही. पूल अरुंद होते. समोरून ट्रक आला की दुसऱ्या गाडीने पुलाच्या तोंडाशी थांबायचे, अशी रीतच पडली होती.

या अरुंदपणाची किंमत १९ मार्च २०१३ च्या पहाटे जगबुडीवर मोजावी लागली. गोव्याहून मुंबईला निघालेली खासगी आरामबस खेडजवळ पुलाचा कठडा तोडून नदीत कोसळली आणि ३७ माणसे गेली. तिथे पूल पडला नव्हता, गाडी पडली होती. त्यामुळे चर्चा चालकाच्या वेगाची आणि झोपेची झाली. पण रस्ता पुलाशी येऊन एकदम वळतो आणि आकसतो, ही गोष्ट त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. नव्या पुलाची मागणी तिथे आधीपासूनच होती.

मागणीची दाद लागत नव्हती असेही नाही. चौपदरीकरणाचा मोठा बेत आखला गेला होता. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०११ मध्ये खासगीकरणातून हाती घेतला, तो रखडला. इंदापूर ते सिंधुदुर्गातले झाराप हा सुमारे ३६६ किलोमीटरचा उरलेला पट्टा राज्याच्या बांधकाम विभागाकडे राहिला. जानेवारी २०१६ मध्ये रत्नागिरीजवळ निवळीला केंद्रीय मंत्री नितीन गडकरींच्या हस्ते भूमिपूजन झाले. जुन्या पुलांशेजारी नवे पूल यायचे होते. म्हणजे २०१६ च्या पावसाळ्याला सुरुवात झाली तेव्हा कोकणातले जुने पूल बदलायचे हे ठरलेले होते. ठरलेले असणे आणि झालेले असणे यांच्या मधल्या काळातच सावित्री पूल पडला.

२ ऑगस्ट २०१६. महाबळेश्वरच्या बाजूला पाऊस कोसळत होता आणि सावित्रीला मोठा पूर आला होता. तिथे तेव्हा दोन पूल होते. नव्या पुलावरून गोव्याकडे जाणारी वाहने जात, जुन्या कमानीच्या पुलावरून मुंबईकडे जाणारी. रात्री साडेअकराच्या सुमाराला जुन्या पुलाचा मोठा भाग पाण्यात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि एक तवेरा गाडी त्या अंधारात पुलावर आल्या आणि खाली गेल्या. पुलाजवळच्या गॅरेजवर काम करणाऱ्या माणसाच्या लक्षात आले की पुढच्या गाडीचे दिवे पलीकडे निघालेच नाहीत. त्याने रस्त्यावर धाव घेऊन मागून येणारी वाहने अडवली. तो नसता तर त्या रात्रीचा आकडा आणखी वाढला असता.

चाळीसच्या आसपास माणसे गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल, तटरक्षक दल, स्थानिक पोहणारे, सगळे उतरले. पाणी इतके गढूळ आणि ओढ इतकी जबर की पाणबुड्यांना काही दिसेना. शेवटी क्रेनला ३०० किलोचे लोहचुंबक बांधून पात्र चाचपले गेले. बसचे सांगाडे सापडायला आठवड्याहून अधिक काळ लागला. प्रवाहाने काही मृतदेह खाडी पार करून समुद्रात नेले होते. एका बसच्या चालकाचा मृतदेह दापोली तालुक्यात आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागला. राजापूर आणि जयगडच्या वाड्यांमधून लोक महाडला येऊन नदीकाठी बसून होते. सिंधुदुर्गात त्या रात्री घरोघर फोन वाजले, कारण आपले माणूस कोणत्या बसने निघाले याची खात्री कोणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस घटनास्थळी आले. विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते. तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्री चंद्रकांत पाटील यांनी सांगितले की, या पुलाची मे महिन्यात तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य आढळला होता. या वाक्यावर संताप उसळला आणि तो समजण्यासारखा होता. पण संताप ओसरल्यावर विचारायला हवा होता तो प्रश्न असा : तपासणी खरोखरच झाली असेल, तर तिला धोका दिसला का नाही?

दगडी कमान हा मोठा सहनशील प्रकार आहे. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्यावर दाबून बसलेला असतो, आणि दगडाला दाब सोसतो. वरून भार वाढला तरी ती पटकन मोडत नाही. तिचा घात होतो पायाशी. पुरात पाणी खांबाला आपटून खाली वळते आणि खांबाच्या मुळाशी भोवरा होऊन वाळू-गाळ उकरते. पूर जितका मोठा, तितका खड्डा खोल. खांब एका बाजूला खचला की त्याच्या दोन्ही अंगांच्या कमानींचा तोल सुटतो. एकीचा रेटा दुसरीने पेललेला असतो, ती गेली की पुढचीही जाते. म्हणून अशा पुलाचा एक भाग पडून थांबत नाही, अनेक कमानी एकापाठोपाठ जातात. आणि यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पूर ओसरताना तोच खड्डा पुन्हा वाळूने भरतो. मे महिन्यात पाणी कमी असताना अभियंता पात्रात उभा राहून पाहतो तेव्हा त्याला खांबाभोवती सपाट तळ दिसतो. वर दगड शाबूत, सांधे ठीक, कठडा सरळ. ‘योग्य’ असा शेरा तो प्रामाणिकपणे लिहितो. खालची वाळू घट्ट मूळची आहे की गेल्या पावसाळ्यात आलेली भुसभुशीत, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी पात्राच्या तळाची मोजमापे वर्षानुवर्षे ठेवावी लागतात, आणि पुराच्या काळातली ठेवावी लागतात.

पात्रातून बेसुमार वाळू उपसली तर सगळा तळच खाली जातो आणि पाया उघडा पडू लागतो. सावित्रीच्या बाबतीत वाळू उपशाचा हा मुद्दा तेव्हा जोरात मांडला गेला. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एस. के. शहा यांचा चौकशी आयोग नेमला.

पोर्तुगालमध्ये पंधरा वर्षे आधी जवळजवळ हेच घडले होते. दोरू नदीवरचा हिंत्झे रिबेरो पूल १८८७ चा, दगडी खांबांचा. ४ मार्च २००१ च्या रात्री, पुरात, त्याचा एक खांब गेला आणि एक बस व तीन मोटारी नदीत पडल्या. ५९ जण गेले, त्यांतलेही काही मृतदेह समुद्राने दूर नेले. वर्षानुवर्षांच्या वाळू उपशाने पाया उघडा पडल्याचे चौकशीत पुढे आले. खात्याचे मंत्री जॉर्ज कुएल्यू यांनी त्याच रात्री राजीनामा दिला. पुढच्या वर्षी तिथे नवा पूल उभा राहिला. त्याआधी अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडून ४६ माणसे गेली होती आणि त्यानंतर तिथे साऱ्या देशातल्या पुलांच्या नियमित तपासणीचा कायदा झाला. पुलाच्या तपासणीचे नियम जगात बहुतेक ठिकाणी असे मृतांच्या यादीनंतर लिहिले गेले आहेत.

सावित्रीनंतर आपल्याकडेही हालचाल झाली, आणि तिचे श्रेय द्यायला हवे. गडकरींनी सहा महिन्यांत नवा पूल देण्याचा शब्द दिला. काम १६५ दिवसांत पूर्ण झाले आणि ५ जून २०१७ ला, म्हणजे पुढचा पाऊस लागण्याआधी, नवा पूल खुला झाला. २३९ मीटर लांब, १६ मीटर रुंद, तीन मार्गिका, दोन्ही बाजूंना पादचाऱ्यांसाठी वाट. खर्च सुमारे ३६ कोटी रुपये. त्याच काळात, ऑक्टोबर २०१६ मध्ये, केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशभरातल्या पुलांची नोंद करणारी यंत्रणा सुरू केली. पुढच्या वर्षापर्यंत राष्ट्रीय महामार्गांवरच्या दीड लाखांहून अधिक पुलांची आणि मोऱ्यांची गणती झाली आणि १४७ पुलांकडे तातडीने लक्ष द्यायला हवे असे निघाले. आपल्या महामार्गांवर नेमके किती पूल आहेत, त्यांची वये काय आणि अवस्था काय, हे एका ठिकाणी लिहिलेले त्याआधी नव्हतेच.

पण १६५ दिवसांच्या या विक्रमाकडे मी फक्त कौतुकाने पाहू शकत नाही. पाच-साडेपाच महिने आणि ३६ कोटी. जे काम एवढ्यात होऊ शकत होते, त्यासाठी आधीची किती वर्षे गेली! उत्तर तंत्रात नाही, आणि पैशातही पूर्ण नाही. अपघातानंतर नवा पूल जुन्या पुलाच्याच जागी बांधायचा होता, म्हणजे जमीन महामार्गाची होती, संपादनाचा प्रश्न नव्हता. मंजुरी, निधी, निविदा हे एरवी एकामागून एक चालणारे टप्पे मंत्र्याच्या देखरेखीखाली झरझर पार पडले. कोणत्याही टेबलावर फाईल अडली तर विचारणारा माणूस होता. बाकीच्या पुलांना यातले काहीच मिळाले नाही, कारण ते पडले नव्हते.

त्याच जून महिन्यात कुडाळला गडकरी आणि फडणवीस यांच्या उपस्थितीत सिंधुदुर्गातल्या चौपदरीकरणाचा मोठा समारंभ झाला. आपल्या जिल्ह्याचा पट्टा इतरांच्या मानाने लवकर मार्गी लागला. खारेपाटण, कणकवली, कुडाळ या ठिकाणी जुन्या पुलांशेजारी नवे, रुंद, उंच पूल उभे राहिले. कणकवलीत शहरावरून उड्डाणपूल आला. यासाठी महामार्गालगतच्या दुकानदारांनी जागा सोडल्या, काहींची पिढ्यांची हॉटेले आणि घरे गेली, मोबदल्यावरून दीर्घ वाद झाले. पूल बदलणे म्हणजे फक्त नदीवरचा सांगाडा बदलणे नसते. दोन्ही काठांचे जोडरस्ते, त्यांचे भराव, त्याखाली जाणारी गावाची वाट आणि पावसाचे पाणी, सगळेच बदलते. पूल तयार आणि जोडरस्ता अडलेला, हे दृश्य कोकणाने खूप पाहिले.

कामाच्या त्या वर्षांत लोकांची चीडही अनावर झाली. जुलै २०१९ मध्ये कणकवलीत गड नदीच्या पुलावर आमदार नितेश राणे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी महामार्गाच्या उपअभियंत्यावर चिखल ओतला. राणे यांना अटक झाली. रस्त्याच्या अवस्थेवरचा लोकांचा राग खरा होता. तरीही त्या प्रकाराने मला अस्वस्थ केले, कारण निर्णयांच्या त्या लांबलचक साखळीतला जो माणूस लोकांच्या हाताला लागला, तो सर्वांत खालच्या कड्यांपैकी होता. त्याच्या हातात निधी नव्हता, जमीन नव्हती, कंत्राटदार निवडण्याचा अधिकारही नव्हता.

रत्नागिरी जिल्ह्यात काम मागे राहिले आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले तेव्हा त्याचा हिशेब झाला. वाशिष्ठीच्या जुन्या पुलाजवळचा रस्ता पुराने तोडला आणि महामार्ग बंद पडला. शेजारच्या नव्या पुलाचे काम अपुरे होते. त्यानंतर मात्र ते वेगाने झाले आणि गणपतीच्या तोंडावर त्यावरून वाहतूक सुरू झाली. सावित्रीच्या वेळचाच क्रम इथेही दिसतो, सुदैवाने पुलावर कोणाचा जीव न जाता.

पैसा आणि इच्छा दोन्ही असून काम अडते, याचेही उदाहरण जवळच आहे. कोल्हापुरात पंचगंगेवरचा शिवाजी पूल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, दगडी. त्याच्या शेजारी पर्यायी पुलाचे काम सुरू झाले, बरेचसे झालेही. मग ते थांबले. नदीकाठची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित प्राचीन स्थळ आहे आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर पुरातत्त्व कायद्याने अशा स्थळापासून १०० मीटरच्या आत कोणतेही नवे बांधकाम करता येत नाही. कायदा वारशाच्या रक्षणासाठी होता, पण त्यात वापरात असलेल्या धोकादायक पुलासाठी वाट ठेवलेली नव्हती. कायदा बदलण्याचे विधेयक जानेवारी २०१८ च्या सुरुवातीला लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेत अडकले. त्याच महिन्यात, २६ जानेवारीच्या रात्री, गणपतीपुळ्याहून परतणारी मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत पडली. १३ जण गेले, त्यांत लहान मुले होती. अर्धवट उभा असलेला नवा पूल बाजूलाच होता. तो वापरात यायला २०१९ उजाडले.

आणि २०२५ मध्येही मंजुरी व काम यांच्यातली ही दरी भरलेली नव्हती. १५ जूनला पुणे जिल्ह्यात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. तिथे नव्या पुलासाठी आठ कोटी आधीच मंजूर होते. पुढच्याच महिन्यात, ९ जुलैला, गुजरातेत मही नदीवरचा गंभीरा पूल पडला आणि वीसहून अधिक माणसे गेली. तिथेही २१२ कोटींच्या नव्या पुलाला मान्यता मिळालेली होती. हा पूल १९८५ चा, म्हणजे चाळीस वर्षांचा.

त्या शेवटच्या आकड्याकडे मालवण किनाऱ्यावरच्या माणसाने नीट पाहावे. सावित्रीपासून आपण ‘ब्रिटिशकालीन पूल’ हे दोन शब्द धोक्याच्या अर्थाने वापरतो. ब्रिटिशकालीन तेवढे बदलले की निश्चिंत, असा समज झाला आहे. आपल्या खाड्यांवरचे बहुतेक पूल ब्रिटिशांनी बांधलेले नाहीत. ते स्वातंत्र्यानंतरचे, सिमेंट-काँक्रीटचे आहेत, आणि खाऱ्या हवेत काँक्रीट दगडापेक्षा लवकर म्हातारे होते. खारट पाणी भरतीला खांबावर चढते, ओहोटीला उतरते. मधला पट्टा रोज दोनदा ओला होतो, दोनदा वाळतो. त्या पट्ट्यात मीठ काँक्रीटच्या आत झिरपत जाते आणि सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा जास्त जागा घेते, आतून रेटा देते आणि वरचे काँक्रीट तडकते. होडीतून पुलाखालून गेलात तर दिसते : खांबावर तांबूस ओघळ, उभी भेग, कुठे पापुद्रा सुटून उघडी पडलेली सळई. वरून जाणाऱ्या गाडीला यातले काही दिसत नाही.

मालवण शहराला लागून असलेल्या कोळंब खाडीच्या पुलाने हे आपल्याला दाखवले आहे. आचरा, सर्जेकोट, रेवंडी, तोंडवळी या बाजूची सगळी ये-जा त्या पुलावर. काही वर्षांपूर्वी त्यावरची अवजड वाहतूक थांबवून दुरुस्ती करावी लागली. शाळकरी मुले, मासळीचे टेंपो, पर्यटकांच्या गाड्या, सगळ्यांची गैरसोय झाली आणि तक्रारीही झाल्या. मला मात्र तो निर्णय योग्य वाटतो. धोका ओळखून पूल वेळेत अडवला, हेच महाडला झाले नाही.

असे पूल राष्ट्रीय महामार्गावर नाहीत. त्यांच्यासाठी दिल्लीचा पैसा सरळ येत नाही. राज्याचा अर्थसंकल्प, नाबार्डच्या ग्रामीण पायाभूत निधीतले कर्ज, केंद्रीय रस्ते निधीतून राज्याच्या वाट्याला येणारी रक्कम, जिल्हा नियोजन समिती, असे चार दरवाजे ठोठावायचे. अंदाजपत्रक, अर्थसंकल्पात तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, हा क्रम चुकत नाही. खाडीवर बांधायचे तर सागरी किनारा नियमन क्षेत्राची परवानगी, आणि कांदळवन तोडावे लागत असेल तर उच्च न्यायालयाची. यातली एकही परवानगी निरर्थक नाही. कांदळवन गेले तर किनाराच जातो, हे मालवणच्या मच्छीमाराला सांगावे लागत नाही. पण म्हणूनच पुलाचे वय पन्नास होईपर्यंत थांबून मग धावाधाव करणे परवडणार नाही. प्रस्ताव पुलाच्या चाळिशीत निघाला तर या सगळ्या पायऱ्या शांतपणे चढता येतात आणि तोवर जुना पूल निर्धास्त वापरता येतो.

रेवस ते रेडी सागरी मार्गासाठी राज्य रस्ते विकास महामंडळ आता किनाऱ्यावरच्या मोठ्या खाड्यांवर नवे पूल बांधत आहे. त्यांच्या खर्चाचे आकडे हजारो कोटींचे आहेत. त्या आकड्यांशेजारी देखभालीचा आकडाही आतापासून लिहिला जावा, अशी माझी मागणी आहे : दर वर्षी पावसाळ्यानंतर खांबांभोवतीच्या तळाची मोजणी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या काँक्रीटची चाचणी आणि त्यासाठी वेगळी काढलेली, दुसरीकडे न वळवता येणारी रक्कम. बांधकाम विभागाच्या कणकवली आणि सावंतवाडी विभागांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक खाडीपुलाची ही मोजमापे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत, पत्रकारांसमोर, दर दिवाळीनंतर मांडावीत. गड, कर्ली, तेरेखोल, आचरा, कोळंब, एकेका नावापुढे त्या वर्षीची खोली आणि गेल्या वर्षीची खोली.